सुतळी गल्लीतलं एक दार

“कुणाला पटायचं न्हाय बघा, पर पलेगाच्या साथीत सुतळी गल्लीची कौलं आपल्या पायानं उतरून उन्हात जाऊन बसली!” मारुतीच्या कट्ट्यावर आण्णाप्पांनी सुरुवात केली.

“मागल्या खेपेला उडून गेलती म्हणालासा,” फुलवाला रवळू म्हणाला.

“ती वरल्या गल्लीची रं. आमची चालत गेली. आन उंदीर? वळकट्या बांधून माणसांच्या आधी काकतीच्या वाटेला!”

कट्टा हसला. चंदना तेवढी हसली नाही. पलेगाच्या वर्षी निपाणीला मामाकडं गेलेली आणि तिथंच वाढलेली ही बाई छत्तीस वर्षांनी गल्लीत आली होती. आईचं घर विकण्याआधी एकदा बघायला.

“अण्णा,” तिनं विचारलं, “माझ्या आईला, राजमतीला, शेवटचं कुणी बघितलं?”

आण्णाप्पांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं. घरोघर कडी वाजवून ‘कंग्राळीच्या शेतात झोपड्या घातल्यात, चला’ म्हणून सांगायचं काम पंचांनी तेव्हा विशीतल्या आण्णाप्पांवर टाकलं होतं. एका सकाळी बाकीची सगळी दारं त्यांनी वाजवली. राजमतीच्या उंबऱ्यावर मात्र मेलेला उंदीर होता. ते पलीकडच्या कडेनं पुढं सटकले. झोपड्यांत ज्यानं त्यानं आपलंच बिऱ्हाड बघितलं. घरात ऊन शिरावं म्हणून पाचव्या दिवशी कौलं उतरवायला गडी गेले, त्यांना वरून ती मेलेली दिसली. तेव्हापासून कौलांची गोष्ट आण्णाप्पा हसतच सांगत.

साथ ओसरली, पण निम्मी गल्ली परतलीच नाही. रुळापलीकडं नवी घरं बांधून राहिली. सुतळी वळणाऱ्यांचे चरखे थांबले, नाव तेवढं उरलं. त्या सकाळचं खरं माहीत असलेलं आता दुसरं कुणी नव्हतं.

सांगून टाकावं, असं आण्णाप्पांना वाटलं. बाई लांबून आली होती. पण कट्टा कान देऊन बसला होता, आणि जिभेला सवय एकच.

“मीच बघितलं की! तीनदा कडी वाजवली. दारात येऊन म्हणाली, ‘आण्णाप्पा, तू हो फुडं, देवाला दिवा लावून आलेच.’ लई धीराची बाई!”

रवळूच्या हातातला हार थांबला.

“आईला नुसती कानडी यायची, मराठीचा एक शब्द येत न्हवता, अण्णा,” चंदना म्हणाली. “आमचं दार तुम्ही वाजवलंच न्हाय.”