बाटलीच्या तळचा गाळ

मी बाटलीच्या तळचा गाळ बोलतोय. ग्लास स्वच्छ दिसावा म्हणून बिअर पिणारी शहाणी माणसं मला विसळून बेसिनमध्ये ओततात. मी म्हणजे यीस्ट, बिअर आंबवणारी बुरशी. मी जिवंत आहे आणि ज्या चवीनं त्यांनी आत्ता डोळे मिटले ती माझी करणी, हे त्यांच्या कानावर कोणी घालत नाही.

माझा जन्म बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या एका गावात, रेमीच्या छोट्या बिअर कारखान्यात झाला. रेमी गेला, कारखाना बंद पडला. तिथल्या तांब्याच्या कढईत आता कोणीतरी फुलझाडं लावलीत. उरली एकच बाटली. रेमीच्या बायकोनं, गोदेलीव्हनं, ती सहा वर्षं तळघरात जपली. दर शनिवारी पुसायची. आतल्यांच्या खाण्यापिण्याचं काय, हे मात्र कधी विचारलं नाही.

रेमीचा धाकटा भाऊ ओडील, निवृत्त पोस्टमन, गॅरेजमध्ये पाकिटातलं यीस्ट घालून बिअर करायचा. ती एकदा प्यायलेली माणसं पुन्हा त्याच्या गल्लीतून जात नसत.

एका रविवारी तो म्हणाला, "वहिनी, ती बाटली द्या. तळाशी दादाचं यीस्ट आहे. जागं करून बघतो."

"तो होता तेव्हा त्याच्या बिअरला नावं ठेवायचास. आता दादा आठवला?"

"ठेवायचो. मला तशी जमत नव्हती म्हणून."

एवढं खरं बोलायला माणसाला साठ वर्षं लागतात. आम्ही दोन तासांत दुप्पट होतो.

गोदेलीव्ह बाटली घेऊन आली. वरची बिअर दोघांनी हळूहळू ओतून प्यायली. ती शिळी झाली होती. तरी दोघांचेही ग्लास रिकामे झाले. मग ओडीलनं बाटलीचं तोंड लायटरवर शेकलं आणि मला माल्टच्या, म्हणजे मोड आलेल्या जवाच्या, उकळून गार केलेल्या गोड पाण्याच्या बरणीत सोडलं.

चार दिवस बरणी निपचित. आमच्यातले बहुतेक मेलेच होते.

"दुसरी बाटली नाही, ओडील," गोदेलीव्ह म्हणाली.

"माहीत आहे, वहिनी."

पाचव्या दिवशी उरलेल्या मूठभरांनी बुडबुडे सोडले. ओडीलनं वहिनीला फोन लावला आणि तो बरणीला टेकवून धरला. निरोप जसाच्या तसा पोचवायचा, असं पोस्टात शिकवत असावेत.

"काही ऐकू येत नाही," ती म्हणाली, आणि पाच मिनिटांत कोट न घालताच दारात हजर.

बरणीतून मोठ्या बरणीत, तिथून पिंपात, पिंपातून बाटल्यांत. दीड महिन्यानं तिनं पहिला घोट घेतला.

"रेमीची नाही ही. कडू केलीस."

ओडीलनं ग्लास परत घ्यायला हात पुढे केला.

"पण वास त्याचा आहे," ती म्हणाली. "कामावरून आला की शर्टाला असाच यायचा."

जाताना तिनं पिंपाच्या तळचा अर्धा गाळ स्वतःच्या बरणीत मागून घेतला. "सगळं तुझ्या हाती सोपवायला मी खुळी नाही."

सध्या मी तिच्या फ्रिजमध्ये, लोण्याशेजारी असतो. दर महिन्याला ती मला ताजं गोड पाणी घालते आणि झाकण लावण्याआधी बरणीवर जरा जास्तच वेळ वाकून राहते. माझं मागणं एवढंच, तेवढ्या वेळात तिला कोणी हाक मारू नका.