तांबड्या चढणीची बुटकी

मी एक जुने वाफेचे इंजिन आहे. पण मित्रांनो, 'जुने' या शब्दावर अडकून पडू नका. मी आजही चालते. महाड आणि पोलादपूरच्या मधल्या आंबेखोलच्या खोऱ्यात दर रविवारी माझी शिटी घुमते, आणि ती ऐकून शेतातली माणसे अजूनही मान वर करतात. माझ्या दोन रुळांमध्ये जेमतेम दोन फुटांचे अंतर असते. म्हणून गावकऱ्यांनी माझे नाव ठेवले 'बुटकी'. मला त्याचा राग नाही. बुटकी असले तरी वाटेतली तांबडी चढण मी कधी कोणाची मदत घेऊन चढले नाही.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. तिथून बोटीने मुंबईला आणि मुंबईहून शिडाच्या पडावात बसून दासगावच्या खाडीतून मी इकडे आले. तेव्हा मी अखंड नव्हते. चाके वेगळी, बॉयलर वेगळा. बैलगाड्यांवर लादून माझे तुकडे धक्क्यापासून आंबेखोलला नेले आणि तिथे पिंपळाखाली मला जोडले. डोंगरातल्या खाणीतून काळा दगड काढायचा आणि नदीच्या धक्क्यावर पोचवायचा, हे माझे काम. महाडकडच्या रस्त्यांखालच्या कितीतरी मोऱ्यांमध्ये आणि कुंपणाच्या गडग्यांमध्ये मी ओढलेला दगड आहे.

नुसता दगडच कशाला? बाजाराच्या दिवशी मोकळ्या डब्यांत फळ्या टाकून माणसे बसत. भाताची पोती, कोंबड्यांच्या टोपल्या, एकदा तर आख्खे वऱ्हाड. मार्चमध्ये चवदार तळ्याला निघालेली माणसेही याच फळ्यांवर बसत. तेव्हा डब्यांतून इतकी गाणी चालत की माझी शिटी कोणाला ऐकू येत नसे.

मला चालवायचा कुशाबा, आणि भट्टीत कोळसा घालायचा भागोजी. दोघे आंबेखोलचेच, एका आळीत वाढलेले. कुशाबा कडक माणूस. दर पंधरवड्याला तो मला थंड करी, बॉयलरमधले पाणी सोडून देई आणि आतून धुऊन काढी. आमच्याकडच्या विहिरीच्या पाण्यात क्षार फार. ते पाणी उकळले की बॉयलरमध्ये पांढरा थर धरतो. थर वाढला की आतल्या नळ्या जास्त तापतात आणि कमजोर होतात. म्हणून ही धुलाई.

पुढे खाणीवर नवा ठेकेदार आला. त्याला एक दिवसही गाडी थांबलेली खपत नसे.

"इंजिन काय म्हैस हाय, घडीघडी धुवायला?" तो कुशाबावर ओरडला. "माल पोचला पायजे!"

"शेट, आतनं थर धरलाय. नळी जाईल," कुशाबाने सांगितले. एकदा नाही, अनेकदा सांगितले. ठेकेदाराने ऐकले नाही.

आणि एका दुपारी, तांबड्या चढणीच्या ऐन मध्यावर, माझी एक नळी फुटली. भागोजी नेमका भट्टीच्या दारासमोर वाकला होता. दारातून वाफ आणि निखारे एकदम बाहेर आले. कुशाबाने आधी ब्रेक आवळला, मग भागोजीला खांद्यावर घेतले आणि रुळांवरून धावत तो डांबरी रस्त्याला लागला. तिथून ट्रकने महाडचा दवाखाना. भागोजी वाचला. पण त्याच्या उजव्या हाताची बोटे कायमची आखडली.

त्यानंतर मला शेडमध्ये ढकलले, ते ढकललेच. खाण बंद झाली. रूळ हळूहळू नाहीसे झाले. कोणी गोठ्याला तुळई केली, कोणी पावसाळी पऱ्ह्यावर ये-जा करायला साकव घातला. माझ्या भट्टीत कोंबड्या अंडी घालू लागल्या. शेडच्या पत्र्याला भोके पडली आणि पावसाळ्यामागून पावसाळे माझ्या पाठीवरून वाहून गेले. लहान मुले यायची, माझ्यावर चढायची, "कूऽऽक" करायची. तेवढेच बरे वाटे. कुशाबा मात्र एकदाही आला नाही. शेडवरून जाताना तो मान दुसरीकडे वळवी.

मग अलीकडे, आंबेखोलच्या मुंबईकर मंडळींनी मला पुन्हा चालवायचे ठरवले. पर्यटक येतील, पोरांना गावातच काम मिळेल, असा त्यांचा विचार. मंडळाचा चिटणीस सुनील. माझ्या शेडसमोरच सभा भरली.

"एकदम सिंपल आहे," सुनील म्हणाला. "बॉयलर काढून टाकू, आत डिझेलची मोटर बसवू. वर धुराचं मशीन आणि शिटी स्पीकरवर. पब्लिकला काय कळतंय?"

माझ्या अंगावरचा गंजसुद्धा थरथरला, मित्रांनो. आतून पोकळ होऊन, उसन्या शिटीवर मिरवायचे? त्यापेक्षा कोंबड्या बऱ्या.

तेवढ्यात एक बाई उठली. भागोजीची मुलगी, शर्मिला. महाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ती बॉयलर सांभाळते. त्याची रीतसर परीक्षा ती पास झाली आहे.

"सुनीलदादा, आधी बॉयलर तपासून घेऊ," ती म्हणाली. "नापास झाला तर खुशाल मोटर बसव. नट मी स्वतः आवळीन."

"नाय!" मागून आवाज आला. कुशाबा होता. आता पाठीत वाकलेला, पण आवाज तोच. "मोटर बसवा, नायतर भंगारात घाला. पन हिच्या पोटात आग घालायची नाय. भागोजीला मी उचललाय, तुमी नाय!"

भागोजी कडेला बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "कुशाबा, हात माझा हाय ना रे? तो हिनं नाय जाळला. पानी बदला म्हनून तू वरडत होतास, त्या मानसानं ऐकलं नाय. माझी पोर ऐकनारी हाय. बघू दे तिला."

कुशाबा पाठ फिरवून निघून गेला.

काम सुरू झाले. शर्मिला सुट्टीच्या दिवशी येई आणि माझ्या नळ्या एकेक करून काढून नव्या बसवी. गोठ्यांतले, साकवांवरचे रूळ लोकांनी आपणहून आणून दिले. मग बॉयलर निरीक्षक आले. बॉयलरमध्ये थंड पाणी भरून दाब वाढवायचा, हीच माझी परीक्षा. दाब चढत गेला, आणि एका नळीच्या तोंडाशी पाण्याचा थेंब दिसला. नापास!

सगळ्यांनी सुनीलकडे पाहिले. आता तो मोटरचे नाव काढणार, असेच मलाही वाटले.

"एकच थेंब आहे ना?" सुनील बाह्या सरसावत म्हणाला. "काढ ती नळी. मी मुंबईला दोन दिवस उशिरा जातो."

दुसऱ्या खेपेला मी कोरडी ठणठणीत राहिले.

गाडी सुटण्याच्या दिवशी सारे खोरे लोटले. भट्टी पेटली, वाफ धरली, आणि कुशाबा येऊन थेट रुळांच्या मधोमध उभा राहिला.

"बाजूला व्हा, काका," शर्मिला म्हणाली.

"आधी पानी दाखव."

शर्मिलाने वाद घातला नाही. बॉयलरच्या तळाची तोटी उघडून तिने बादलीत पाणी सोडले. ते निवल्यावर कुशाबाने ओंजळीत घेतले, उन्हात धरले, चोळून पाहिले. स्वच्छ पाणी. पांढरा कणसुद्धा नाही.

"कवा धुतलंस?"

"परवा. आणि यापुढे पंधरवड्याला, गाडी बंद ठेवून. सुनीलदादानं कबूल केलंय."

कुशाबाने ओंजळीतले पाणी हळूच खाली सोडले. "भागोजी, चल रे वर," तो म्हणाला आणि स्वतः फावडे उचलून भट्टीपाशी उभा राहिला. भागोजी शर्मिलाच्या शेजारी चढला आणि डाव्या हाताने त्याने शिटीची साखळी ओढली. शिटी ऐकून कुशाबाने तोंड फिरवले, डोळे पुसायला.

तांबड्या चढणीवर चाके एकदा घसरली. पकड मिळावी म्हणून शर्मिलाने रुळांवर वाळू सोडली, कुशाबाने कोळसा घातला, आणि मी माथ्यावर पोचले.

मित्रांनो, खंडेनवमीला माझ्या गळ्यात झेंडूचा हार पडतो. तो मला आवडतो. पण हार वर्षातून एकदा असतो, आणि धुलाई पंधरवड्याला लागते. तुमच्या घरात, शेतात, शाळेत जे काही तुमच्यासाठी राबते, त्याचे कौतुक सावकाश करा. आधी त्याच्या आत डोकावून पाहा. आणि कोणी सांगत असेल की 'थर धरलाय', तर त्याचे ऐका.

आता रुळांपासून जरा लांब उभे राहा. शर्मिला वर चढली आहे, आणि डबे भरले आहेत.