टिपऱ्यांच्या आड

"संध्ये, थांबू नको माय. म्हणत राय."

माणिकबाईंचा हा आवाज हिवरखेडच्या घराच्या मागच्या दारातून पुढच्या अंगणात यायचा. दबका, तरी धारेचा. तीस वर्षं उलटली असतील त्याला. तो आला की त्यांची लेक संध्या पुन्हा गळा मोकळा करायची. टिपरीवर टिपरी पडायची आणि भोवतीच्या बारक्या पोरी तिच्यामागं ओढत ओढत म्हणायच्या,

भुलाबाई निघाली माहेरा, वाट धरली मळ्याची
काळी माती पायी रुतली, ओटी भरली केळ्यांची

भादव्याच्या पुनवेपासून कोजागरीपर्यंत वऱ्हाडातल्या पोरींना संध्याकाळी घराबाहेर पडायची मुभा असते. भुलाबाईची गाणी म्हणायची, डबा हलवून आतला खाऊ ओळखायचा, दिवेलागण झाली की घरी. देवीचं काम, त्याला कोणता बाप नाही म्हणणार? माणिकबाईंनी नेमकं तेवढंच हेरलं होतं. मैदानावर कबड्डी खेळायला त्या काळी गावातल्या एकाही पोरीला कुणी सोडलं नसतं. म्हणून पुढच्या अंगणात भुलाबाई मांडायची आणि घरामागच्या सारवलेल्या खळ्यावर मोठ्या पोरींना खेळवायचं. मागचा दम, मागच्या धापा, धपकन पडलेल्या अंगाचा आवाज, सारं गाण्याखाली झाकून जायचं. पारावरचे बाप बिड्या ओढत निर्धास्त असायचे. पोरी गाऊन राहिल्या, म्हणायचे.

गाणं मात्र तेवढं मोठं हवं. आणि संध्याचा गळा असा, की एकटी गायली तरी वाटावं अंगण पोरींनी भरलं आहे. म्हणून ती पुढं.

दर भादव्यात ती आईला विचारायची, यंदा मी मागं जाऊ का? आई तिच्या केसांतून फणी फिरवत सांगायची, यंदा संघ भरला, पुढल्या साली पाहू. एकदा तिनं गाता गाता टिपऱ्या खाली ठेवल्या आणि कोपऱ्यावरून खळ्याकडं डोकावलं. मोठ्या पोरींतली शकुन तेव्हा चढाईवर होती, वेणी कमरेला खोचलेली. संध्या पाहतच राहिली. तेवढ्यात शकुनचा बाप दारात येऊन उभा राहिला, गाणं काहून थांबलं म्हणून. पोरी गोठ्यात दडल्या, माणिकबाईंनी त्याला चहा पाजला आणि वेळ निभावून नेली. रात्री त्या लेकीवर रागावल्या नाहीत. तिला कुशीत घेऊन एवढंच म्हणाल्या, तू थांबली का साऱ्या थांबल्या. त्या एका वाक्यानं संध्याला आपण केवढ्या मोठ्या झालो असं वाटलं. त्यानंतर ती कधी थांबली नाही.

पोरी पुढं देवीच्या दर्शनाचं निमित्त सांगून अमरावतीला सामने खेळायला जाऊ लागल्या. एसटीतून परत येताना त्यांच्या हातात ढाल असायची आणि गुडघ्यांवर खपल्या. संध्या मागं राहून बापाला आणि धाकट्या गोपालला भाकरी करून घालायची. मग त्या पोरींतली कुणी पोलिसांत गेली, कुणी शाळेत लागली. संध्या लग्न होऊन अकोल्याला, जुन्या शहरातल्या फुलवाल्यांच्या घरी गेली. तिथं मोर्णा नदीच्या अलीकडच्या गल्लीत बसून हार गुंफता गुंफता ती अजूनही गुणगुणायची.

तरी आई म्हणून माणिकबाईंत खोट काढावी तर कुठं? बाळंतपणात सव्वा महिना त्या लेकीच्या उशाशी बसून होत्या. नात प्राजक्ता त्यांच्याच बोटाला धरून चालायला शिकली. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला हिवरखेडला नेऊन त्यांनी खळ्यावर उतरवलं ते उघड्यावर, कुठल्याही गाण्याच्या आडोशाशिवाय. आता प्राजक्ता अमरावतीला कॉलेजच्या संघात होती. आईनं चढाईबद्दल काही विचारलं की ती हसायची. "तुले काय समजते त्याच्यातलं? आजी सांगते ना, तुले खेळाची आवडच नव्हती." संध्या मनात म्हणायची, म्हातारी झाली आई, विसरली असेल.

माणिकबाई गेल्या आणि तेरवीला अंगणात मांडव पडला. फोटोला हार संध्यानंच गुंफला होता, शेवंतीचा. अमरावतीहून, अकोल्याहून जुन्या खेळाडू आल्या होत्या. एकेकीनं उठून सांगितलं, मावशी नसत्या तर आपण कुठं असतो. सांगता सांगता डोळे पुसले. प्राजक्ता त्यांच्यातच बसली होती, ताठ मानेनं. संध्या पाण्याची कळशी घेऊन पंगतीच्या तयारीत होती.

मग शकुन उठली. अमरावतीला हवालदार आहे ती आता, बोलणं ठसक्याचं. लोक फार रडून राहिले, मी थोडं हसवते, अशी सुरुवात करून तिनं जिल्ह्याच्या सामन्याची गोष्ट काढली. निघायच्या आदल्या दिवशी एकीच्या बापानं तिला खोलीत कोंडलं आणि सातांच्या संघात सहाच जणी उरल्या.

"आमी साऱ्याजणी मावशीच्या मागं लागलो," शकुन सांगत होती. "म्हटलं, संध्याले घ्या. घरचीच पोरगी, अन् दम असा का गाताना श्वास कुठी घेते तेच समजत नाही. त मावशी हासल्या. म्हणे, तिले मी दहादा इचारलं वं, तिलेच नाही खेळाचं. ते आपली गाण्यातच खूश हाय. मग काय, सहाजणी गेलो अन् मार खाऊन आलो."

मांडव हसला. प्राजक्ताही हसली.

संध्याच्या हातातली कळशी तिरपी झाली आणि पाणी पायावर सांडत राहिलं. संघ भरला, असं आई म्हणाली होती. त्याच दिवसांत म्हणाली होती. आणि जागा तर होती. मोकळी पडली होती, सहा पोरी तिच्यासाठी मागणं घालत होत्या, आणि आईनं हसून दार लावून घेतलं होतं. कशासाठी, हे संध्याला लगेच उमगलं. एकदा मैदानाची माती पायाला लागली असती, तर ही पोर पुन्हा अंगणात गायला बसली नसती. आईला तिच्या मनातलं कळत नव्हतं असं थोडंच? कळत होतं, म्हणून तर खोटं बोलावं लागलं.

शकुनला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं पिशवीतून टिपऱ्या काढल्या, बाकीच्यांनीही काढल्या. सगळ्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. माणिकमावशींचं कबड्डीचं मंडळ पुढं चालवायचं, आणि कोजागरीला गाणं संध्यानं म्हणायचं, दरसाल. आजची सुरुवात तिनंच करावी, मावशींच्या फोटोसमोर. गोपालनं बहिणीच्या हातात माईक आणून दिला. ती उभीच राहिली तसा तो कानाशी कुजबुजला, म्हण ना वं ताई, लोकं जेवाले खोळंबले.

टिपऱ्यांचा ठेका सुरू झाला. बायकांनी डोळे मिटून घेतले. संध्यानं माईक तोंडाशी धरला, आणि ठेका आपोआप अडखळत बंद पडेपर्यंत नुसती उभी राहिली.

"मले कोणी इचारलं नव्हतं, शकुन," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "दहादा नाही अन् एकदाही नाही. मीच इचारत होती, दरसाल."

गोपालनं तिचा दंड धरला, आज नको म्हणाला. तिनं तो हात बाजूला केला. प्राजक्ता उभी राहिली होती; संध्या तिच्याकडंच पाहून बोलत होती.

"आई चांगली होती. माह्यावर जीव होता तिचा, ते मी नाकारत नाही. शकुन, तुमच्या बापापाशी ते खोटं बोलली, त्याच्यात तुमचं भलं होतं. माह्या नावानं खोटं बोलली, त्याच्यात माहं काय होतं? मले गाणं नव्हतं म्हणाचं वं बाई. मले खेळाचं होतं."