दरडीपासून तीस मीटर

टेपचे टोक धरायला कोणी पुढे आले नाही. तेव्हा नगरपालिकेच्या बांधकाम तपासनीसाने, राडिसावने, नदीच्या दरडीच्या कडेला लोखंडी खुंटी ठोकली, टेपची कडी तीत अडकवली आणि नदीकडे पाठ करून तो एकटाच घराच्या दिशेने चालू लागला. वर छपराच्या वाशांवर बसलेल्या सुतारांनी हातोडे थांबवले. खाली बायका टॉवेल आणि नवे सदरे घेऊन उभ्या होत्या. आढे बसले की ते वाशांना बांधायचे, म्हणजे घर झाले.

"कुम, आज कसलं मोजमाप काढलंस?" तिहोमिर शिडीवरूनच म्हणाला. "आज खायचं, प्यायचं. वर ये, एक खिळा तूही मार."

"साहेबांची टेप पावसात आकसली असेल," सुतारांतला म्होरक्या म्हणाला, आणि सगळे हसले. राडिसावही किंचित हसला. पण भिंतीशी वाकून त्याने आकडा वाचला, पुसला आणि पुन्हा वाचला. तेवीस मीटर, साठ सेंटीमीटर.

दरडीपासून तीस मीटरच्या आत काही बांधायचे नाही, असा नियम होता आणि तो राडिसावनेच लिहिलेला होता. चौदा वर्षांपूर्वी व्रबा नदीने खालची आळी धुऊन नेली, त्यानंतर नगरपालिकेच्या सात सभांतून त्याने तो एकेका मताने ओढून आणला. त्याचा युक्तिवाद साधा होता. नदीला वर्षातून एकदा जेवढी जागा लागते, तेवढी तिची. उरलेले दिवस ती तेथे येत नाही, म्हणून ती जागा रिकामी ठरत नाही. पाहुण्यांची खोली वर्षभर बंद असते, म्हणून कोणी तीत भाडेकरू घालत नाही.

असे असताना हे घर उभे राहिले कसे? तिहोमिर हा राडिसावचा कुम. लग्नात तो साक्षीला उभा राहिला होता, आणि राडिसावच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच हातांवर घेतले होते. हे नाते त्या खोऱ्यात रक्ताच्या भावाहून वरचे. गेल्या ऑगस्टमध्ये तो नकाशा घेऊन आला आणि म्हणाला, तीस भरतात, मी दोरीने मोजले. कुमच्या दोरीमागून टेप घेऊन जाणे म्हणजे त्याला तोंडावर खोटा म्हणणे. एकतीस वर्षांच्या नोकरीत राडिसावने जागेवर न जाता सही केली ती तेवढी एकदाच. तिहोमिर खोटे बोललाही नव्हता. सारे गाव मोजते तसे त्यानेही पाण्यापासून मोजले होते, आणि ऑगस्टमध्ये व्रबा गोट्यांच्या मधोमध आटून जाते. नियम मात्र दरडीपासून मोजायला सांगत होता.

हे कळले ते स्टामेन्का नावाच्या विधवेमुळे. तिचा शेळ्यांचा गोठा अठ्ठावीस मीटरवर येत होता. राडिसावने तो नाकारला. ती भांडली नाही. कागद घडी करता करता एवढेच म्हणाली, "माझ्या शेळ्यांना कुम नाही, हेच खरं." त्याच दुपारी त्याने तिहोमिरच्या घराची जुनी फाइल काढली.

आता तिहोमिर शिडीवरून उतरून समोर उभा होता. टेपवरचा आकडा त्याने स्वतः वाचला होता.

"तुझ्या सहीवर मी भिंती चढवल्या," तो हळू आवाजात म्हणाला.

"हो. चूक माझी आहे. म्हणूनच मी आलो, दुसऱ्या कोणाला धाडलं नाही."

"आणि माझा पोरगा मिलोराद? तिकडे ऑस्ट्रियातली, ग्राझची नोकरी सोडून बायकापोरांसकट येतोय. त्याला काय सांगू, नदीनं घर मागितलं?"

"वर बागेत बांध. जागा भरपूर आहे."

"आलुबुखाराची ती झाडं माझ्या बापानं लावलीत, राडिसाव."

"माहितीय. खड्डे खणायला माझा बाप होता."

तिहोमिरच्या बायकोने, येलित्साने, टॉवेल एकेक करून घडी केले आणि टोपलीत परत ठेवले. सुतार खाली उतरले.

नगराध्यक्ष समंजस गृहस्थ. त्यांनी सुचवले की नकाशावरची दरडीची रेघ त्या एका वळणावर जराशी नदीकडे ओढावी. कागदाला दुखत नाही. राडिसावने उत्तर दिले की कागदाला दुखत नसेल, पण रेघ एकदा हलली की ती कोणाच्याच दारात थांबायची नाही. मग खाली बसून त्याने स्वतःविरुद्धचा अहवाल स्वच्छ अक्षरात लिहिला: तपासणी न करता परवानगी दिली, घरमालकाने फसवलेले नाही, दोष पूर्णपणे माझा. हे शेवटचे वाक्य त्याने जाड अक्षरात काढले. दोन आठवड्यांत त्याला जागेवरच्या कामातून काढून तळघरातल्या दप्तरात बसवण्यात आले. पण तो अहवाल गावभर वाचला गेला, आणि तिहोमिरला फसवा म्हणायची सोय कोणालाही राहिली नाही.

तीन आठवडे तिहोमिरने घराला हात लावला नाही. चौथ्या सोमवारी त्याने वासे उतरवायला सुरुवात केली.

शनिवारी भिंती निघणार होत्या. राडिसाव जुनी पॅन्ट घालून, कोणी बोलावले नसताना गेला. विटा हातोहात वर बागेकडे चालल्या होत्या. माणसांच्या त्या ओळीत तिहोमिरच्या पुढची जागा मोकळी होती. तेथे कोणी उभे राहत नव्हते. राडिसाव उभा राहिला. तिहोमिरने हातातली वीट क्षणभर धरून ठेवली, नदीकडे पाहिले आणि मग ती त्याच्या हातात दिली. त्यानंतर दुसरी दिली. दुपारपर्यंत विटा तशाच चालत राहिल्या.

जेवणाला येलित्साने फळीवर पाव, चीज आणि कांदे मांडले. तिहोमिरने रकियाची बाटली घेतली आणि ओळीने प्याले भरत आला. राडिसावसमोर थांबून त्याचाही प्याला त्याने काठोकाठ भरला, पण आपला प्याला त्याच्या प्याल्याला लावला नाही.

राडिसावने तो उभ्यानेच संपवला, विटांच्या भुकटीने लाल झालेले तळवे पॅन्टला पुसले आणि पुन्हा आपल्या जागेवर जाऊन हात पुढे करून उभा राहिला.