रंधा मारलेलं दार

मोठ्या बाई मोटारीत राहायला गेल्या त्याला वर्ष होत आलं होतं. मोटार अंगणातच होती आणि चालत तर मुळीच नव्हती. पण तिला चार दारं होती आणि चारही उघडत होती. गेल्या वर्षीच्या भूकंपाच्या धक्क्यात त्यांच्या खोलीचं एकुलतं एक दार चौकटीत असं गच्च बसलं, की बाहेरून मुलगा खांद्याने ढकलतोय, सून लाथा घालतेय आणि आत बाई डोक्यावर उशी धरून हलणाऱ्या छताकडे बघतायत. दार निघालं तेव्हा त्या बाहेर आल्या, मोटारीत बसल्या आणि त्या दिवसापासून घरात झोपल्या नाहीत.

सगळी आळी त्यांना मोठ्या बाईच म्हणायची, कारण निम्म्या आळीला त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं होतं. त्यांना समजावायला जाणं म्हणजे पुन्हा वर्गात उभं राहणं. मुलाने तो नाद कधीच सोडला होता. सून मात्र सोडायला तयार नव्हती, कारण बाईंचे पाय सुजत होते. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, पाय लांब करून झोपल्या नाहीत तर थंडी संपेपर्यंत चालणं बंद होईल.

सून शिवणकाम करायची. तिच्या धंद्यात माप बदललं की कपडा कापायचा असतो, माणूस नव्हे. त्याच हिशेबाने तिने सुताराला बोलावून दाराच्या अडणाऱ्या वरच्या कोपऱ्यावर रंधा मारून घेतला. दार सुरळीत लागायला लागलं. आतली कडी तेवढी भोकात जाईना, पण तिला वाटलं, एवढं चालेल. मोठ्या हौसेने तिने सासूबाईंना दाखवायला आणलं.

"दार बारीक केलंस," बाई म्हणाल्या. "भिंतीचं काय?" आणि मोटारीत जाऊन बसल्या.

मग सुरू झाली कंत्राटदारांची वरात. पहिला स्कूटरवरून उतरलाच नाही. भिंतीतल्या भेगेत सिमेंट भरू, वर रंग मारू, भेग होती हे तुम्हीसुद्धा विसराल, म्हणाला. दुसऱ्याने जमिनीवर दोनदा पाय आपटला, ओठ चावला आणि घर पाडायला सांगितलं. सुनेचा नवरा लगेच हो म्हणाला. शेवटचं जो बोलेल त्याचं खरं, असा त्याचा स्वभाव. सुनेने दोघांनाही चहा पाजून वाटेला लावलं.

तिसरी आली ती एक धिप्पाड बाई. आवाज असा की शेजाऱ्यांनी खिडक्या उघडाव्यात, आणि स्वतःच्या कामाचं कौतुक दुसऱ्या कुणावर सोपवायची तिला सवय नव्हती. पण आल्या आल्या तिने भेग पाहिली नाही. "कोणतं दार अडतं?" विचारलं. दाराच्या वरच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि वळून म्हणाली, "ह्याला रंधा कुणी मारला?"

सुनेची मान खाली गेली. "मीच मारून घेतला."

"मारलात ते मारलात. आता मला कळलं तरी. रस्त्याकडची भिंत बाहेर कललीय, तिच्यासोबत ही चौकट कललीय. जेवढं लाकूड गेलं, तेवढी भिंत परत आणायची."

"परत आणायची? भिंत काय माहेरी गेलीय?"

"जवळजवळ," कंत्राटदारीण म्हणाली आणि थेट मोटारीकडे निघाली. मोठ्या बाई घरात झोपत नाहीत हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. ती ड्रायव्हरच्या जागी बसली, बाई मागे, आणि मुलाखत सुरू झाली. सून खिडकीशी उभी राहिली.

"घर हलणार नाही, असं लिहून द्याल?" बाईंनी विचारलं.

"नाही. हलेल. पण सगळं मिळून हलेल. भिंत एकीकडे, छप्पर दुसरीकडे, असं नाही होणार. आणि दार उघडेल."

बाईंनी रस्त्याकडच्या भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "भिंत ओढणार कशाने? यंत्राने?"

"तुम्ही विज्ञान शिकवायच्या ना? लोखंड तापवलं की काय होतं?"

"प्रसरण पावतं."

"आणि निवलं की?"

"आकुंचन," बाई म्हणाल्या, आणि प्रथमच पुढे वाकल्या.

काम लागलं. छताचे वासे भिंतींना पट्ट्यांनी जखडले. शिलाई मशीन अंगणात आलं आणि धुळीने सुनेच्या गिऱ्हाइकांचे पांढरे कपडे करडे झाले. छताखालून, रस्त्याकडच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत, दोन जाडजूड गज आरपार गेले. बाहेर त्यांच्या टोकांना ताटाएवढ्या लोखंडी चकत्या आणि नट.

मग एका दुपारी एका गजाखाली गॅसच्या ज्योती लावल्या. दुसरा गज तोवर भिंती धरून होता. बाहेर शिडीवरच्या माणसाला सकाळी जो नट पान्याने हलत नव्हता, तो आता बोटांनी फिरायला लागला. त्याने तो चकतीला भिडेपर्यंत आवळला. कंत्राटदारिणीने ज्योती विझवल्या आणि हात झटकले.

"आता?" सुनेने विचारलं.

"आता काही नाही. निवू द्यायचं."

घरात कुणी काही ओढत नव्हतं, कुणी काही ढकलत नव्हतं. नुसतं एक लोखंड गार होत होतं. आणि भेगेतून थोडी माती गळली. भिंतीच्या पोटात कुठेतरी कुरकुर झाली. सुनेच्या अंगावर काटा आला. नाडी ओढली की कापडाला चुण्या पडतात हे ती रोज बघायची. पण इथे विटांची अख्खी भिंत नाडीसारखी आत येत होती, आणि ओढणारा हात कुठेच नव्हता. ती बंद दाराकडे धावली. रंधा मारलेल्या कोपऱ्यात उजेडाची एक बारीक रेघ दिसत होती. सकाळी ती नव्हती.

"आई!" ती ओरडली. "आई, या, बघा!"

मोटारीचं दार वाजलं. सुजलेल्या पायांनी बाई उंबरा ओलांडून आल्या, गजाखाली उभ्या राहिल्या, त्या रेघेकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही.

"जन्मभर फळ्यावर हेच वाक्य लिहीत आले गं," त्या म्हणाल्या. "पोरांनी चुकवलं तर गुण कापले. पण ह्याच्यात एवढं बळ आहे, हे मलाच ठाऊक नव्हतं."

मग आळीपाळीने कधी हा गज तापायचा, कधी तो. दर खेपेला बाई खुर्ची घेऊन आत, गजाच्या जवळ. रेघेची फट झाली, फटीत सुनेचं बोट जायला लागलं, भेगेचे ओठ मिटले. शेवटी कंत्राटदारिणीने ओळंब्याची दोरी सोडून भिंत सरळ झाल्याचं पाहिलं, भिंतीला थाप मारली आणि स्वतःचीच पाठ मनसोक्त थोपटून घेतली. जाताना दाराकडे बोट करून म्हणाली, "ह्या कोपऱ्याला लाकडाची पट्टी लावून देते."

"राहू दे," बाई म्हणाल्या. "घर कुठे गेलं होतं ते मला दिसू दे."

त्या संध्याकाळी जेवणं झाली आणि बाई उठल्या. अंगणाकडे वळल्या नाहीत. सून नवऱ्याकडे बघत राहिली. कुणी काही बोललं तर बिघडेल, म्हणून दोघंही ताटांत बोटं घालून बसली. बाई आपल्या खोलीत गेल्या. दार लागलं. वरच्या कोपऱ्यातून दिव्याचा तिरका उजेड बाहेर पडला.

सून पाय न वाजवता दाराशी गेली. पलंग करकरला नाही. बाई अजून दाराच्या पलीकडेच उभ्या होत्या. त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता. मग आतून कडी हळूच सरकली आणि भोकात जाऊन बसली.