माफीनामा लिहिणार नाही

संस्कृतीला अनोळखी पुरुषांचे फोन यायला लागले, तेव्हा ती आणि पंकजा सायबर सिक्युरिटीच्या शेवटच्या वर्षाला होत्या. नगरच्या बाहेर, हायवेलगत त्यांचं कॉलेज. दोघी एकाच खोलीत राहायच्या. फोन करणाऱ्यांना संस्कृतीचं नाव, राजूरच्या घरचा पत्ता, अगदी फोटोत तिने कुठला ड्रेस घातलाय तेही माहीत असायचं. तिने नंबर बदलला. परीक्षेच्या फॉर्मसाठी नवा नंबर कॉलेजच्या पोर्टलवर टाकला आणि चौथ्या दिवशी फोन पुन्हा सुरू.

"हा नंबर मी दोनच ठिकाणी दिलाय," संस्कृती रडत म्हणाली. "घरी आणि कॉलेजात."

पंकजाने आपला फॉर्म उघडला. वरच्या लिंकच्या शेवटी तिचा परीक्षा क्रमांक होता. संस्कृतीला विचारून तिने तिथे आपल्याऐवजी तिचा क्रमांक टाकला. पासवर्ड वगैरे काही न मागता संस्कृतीचा अख्खा फॉर्म समोर आला. फोटो, आधार, मोबाईल, सगळं. हीच चूक कशी ओळखायची ते राजेश्वरी मॅडमनी दुसऱ्या वर्षी फळ्यावर शिकवलं होतं, जर्नलमध्ये लिहून घेतलं होतं.

तिने प्राचार्यांच्या नावे अर्ज दिला. दुसऱ्याच दिवशी बोलावणं आलं. प्राचार्य काकासाहेब खुर्चीत, राजेश्वरी मॅडम बाजूला उभ्या.

"कॉलेजचं पोर्टल हॅक करतेस?"

"सर, ते उघडंच आहे. मुलींचे नंबर बाहेर जातायत, म्हणून तर सांगायला आले."

"शहाणपणा नको. माफीनामा लिहून दे. नाहीतर हॉलतिकीट विसर."

पंकजाने मॅडमकडे पाहिलं. मॅडम खाली फरशीकडे बघत होत्या. प्राचार्यांपेक्षा त्या खाली घातलेल्या मानेचाच तिला जास्त संताप आला.

त्याच आठवड्यात संस्कृतीचे वडील आले आणि तिला राजूरला घेऊन गेले. "झालं तेवढं शिक्षण बास," एवढंच ते बोलले.

पंकजाने घरी पारनेरला फोन लावला. वडील, अजिनाथ, सकाळच्या एसटीने आले. कॉलेजच्या गेटवरच त्यांनी समजूत घातली, "लिहून टाक की पोरी. दोन वळींनी काय व्हतंय? वरीस वाया जाईल."

"आबा, ते फोन मला आले असते तर? तरी लिही म्हणाला असता?"

ती इतक्या मोठ्यांदा बोलली की वॉचमनने वळून पाहिलं. अजिनाथ टोपी सारखी करत म्हणाले, "न्हाई लिहायचं. चल, पोलिसांत जाऊ."

सायबर पोलीस ठाण्यातल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "जिला त्रास झाला तिची तक्रार लागेल," त्या म्हणाल्या. पंकजाने राजूरला फोन केला. संस्कृतीचे वडील नको म्हणत होते, तरी तिची आई रंगुबाई तिला घेऊन आली. तक्रार नोंदवली त्याच दिवशी पोर्टल बंद झालं. पंधरा दिवसांत फोन करणारे दोघे सापडले. त्यांच्या मोबाईलमध्ये कॉलेजातल्या दोनशे मुलींची यादी होती, फोटोंसकट.

पंकजाला कॉलेजने हॉलतिकीट मुकाट्याने दिलं. संस्कृतीचं प्रॅक्टिकल तेवढ्यात होऊन गेलं होतं. तिचं वर्ष गेलं.

शेवटच्या पेपरनंतर राजेश्वरी मॅडमनी पंकजाला व्हरांड्यात गाठलं. "सर म्हणतायत, पेपरात बातमी द्यायची. 'आमच्या विद्यार्थिनीने शोधली त्रुटी.' तुझा फोटो हवाय."

"माझा फोटो?" पंकजाचा आवाज चढला. "मॅडम, तुम्हीच शिकवलेलं मी सांगत होते. त्या दिवशी एक शब्द का नाही बोललात?"

मॅडमचे डोळे भरून आले. "माझी नेमणूक अकरा महिन्यांची असते गं. दरवर्षी सरांचीच सही लागते."

पंकजाला त्यांची कीव आली, पण राग तसूभरही कमी झाला नाही. "फोटो मिळणार नाही," ती म्हणाली. "बातमी द्यायचीच असेल तर संस्कृतीचं वर्ष कुणी घालवलं ते छापा."

बॅग उचलून ती तडक गेटबाहेर आली आणि तिने राजूरला फोन लावला.

"जूनमध्ये येशील ना?"

"बाबा बघू म्हणालेत," संस्कृती म्हणाली.

"बघू नाही. त्यांना फोन दे. मी बोलते."