बारमधून वखारीत आलेला बाक

मी एक जुना बाक आहे. फणसाच्या लाकडाचा, साडेपाच फूट लांब, पाठ नसलेला. माझ्या चार पायांपैकी एक जरा आखूड आहे, त्यामुळे मी डुगडुगतो. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माझ्यावर बसणाऱ्याला ते पहिल्या मिनिटातच कळतं, आणि लपवून काही हाती लागत नाही हे मी फार उशिरा शिकलो.

मला घडवलं महादू मेस्त्रींनी, त्यांच्या घरामागच्या मांडवात. फणस त्यांच्याच परड्यातला होता. रंधा मारता मारता ते शेजाऱ्याला म्हणाले होते, "ह्यो बाक शाळेत जातलो." मला ते ऐकून केवढा आनंद झाला होता. पण शाळेला तेव्हा बाक नको होते. मालवणच्या वाटेवर एकाने नवा बार काढला होता, त्याला हवे होते. मी तिकडे गेलो.

तिथे मी अकरा वर्षं काढली. खोटं कशाला बोलू, मला तिथे मान होता. मालक गिऱ्हाइकांना सांगायचा, "ह्या बाकार बसलेलो माणूस लवकर उठणा नाय." मी फुगून जायचो. बाकाची आणखी कसली स्तुती करणार?

सगळ्यात जास्त वेळ बसणारा म्हणजे देवबागचा सत्यवान. तो तांडेल होता. बोटीचं सुकाणू त्याच्या हातात, आणि बोटीवरच्या सहा माणसांचा जीवही. डाव्या टोकाला बसायचा. एकदा हातात काम नव्हतं म्हणून मासळीच्या सुरीने त्याने माझ्यावर एक छोटी बोट कोरली. ती अजून आहे. बाहेर रस्त्याच्या कडेला त्याची बायको मथुरा उभी असायची, हातात मिटलेली छत्री घेऊन. ती कधी आत आली नाही आणि तिने कधी हाकही मारली नाही. ती उभी, तो बसलेला, आणि त्याला नीट बसवून ठेवणारा मी. आज आठवलं की लाज वाटते.

पुढे बार बंद पडला. मालकाने मला मागच्या बाजूला टाकलं आणि तो मुंबईला निघून गेला. दोन पावसाळे मी उघड्यावर भिजलो. एका पायाला वाळवी लागली. कुत्रंसुद्धा फिरकेना. एके दिवशी एक बाई आल्या, त्यांनी मला पालथा करून ठोकून पाहिलं आणि म्हणाल्या, "पाय कापावा लागेल थोडा, पण बाकी लाकूड चांगलं आहे." त्या अनुजा मॅडम. तळेऱ्याच्या माहेरवाशीण, शिकलेल्या समुपदेशक. बंदराजवळच्या एका रिकाम्या वखारीत त्यांनी व्यसन सोडवण्याचं केंद्र सुरू केलं होतं आणि त्यांना बसायला काहीतरी हवं होतं.

व्यसनमुक्ती म्हटलं की लोकांना वाटतं, माणसाला तीन महिने कुठेतरी कोंडून ठेवायचं. इथे तसं नाही. इथे माणूस घरीच राहतो, घरचं जेवतो, आपल्या अंथरुणात झोपतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार दहा ते एक इथे येतो आणि शनिवारी घरच्यांना घेऊन येतो. असे नऊ आठवडे. सगळे याला वर्ग म्हणतात. आल्यावर एका छोट्या यंत्रात फुंकायचं, म्हणजे प्यायलाय की नाही ते कळतं. मग गोल करून बसायचं आणि परवापासून आजपर्यंत काय काय झालं ते सांगायचं. ओढ कधी आली, कुठे आली, कोण सोबत होतं, तेव्हा काय केलं. हे सगळं फळ्यावर लिहिलं जातं. डॉक्टर आठवड्यातून एकदा येऊन गोळ्या बघून जातात. आणि एक नियम पक्का आहे. सव्वादहापर्यंत जो आला नाही त्याला फोन जातो. रागवायला नव्हे, विचारायला.

मला पहिल्यांदा वाटलं, ही नुसती बोलाचीच कढी. पण अवघड भाग त्यातच आहे. कोंडलेल्या माणसाला दारू दिसतच नाही. इथल्या माणसाला मात्र एक वाजता बाहेर पडून त्याच रस्त्याने, त्याच दुकानासमोरून, त्याच मित्रांमधून घरी जायचं असतं आणि परवा परत येऊन खरं सांगायचं असतं.

जूनमध्ये सत्यवान आला. मी त्याला बसण्यावरूनच ओळखलं. मे महिन्यात त्याने प्यायलेल्या अवस्थेत बोट खाडीच्या तोंडाशी वाळूवर चढवली होती. सिद्धेश नावाच्या खलाशाचा हात मोडला. त्यानंतर खलाशांनी सत्यवानच्या धाकट्या भावाला, निलेशला, स्पष्ट सांगितलं होतं की पिणाऱ्या तांडेलाबरोबर आम्ही बोटीवर चढणार नाही. मासेमारी पावसाळ्यापुरती बंद होती. नारळी पौर्णिमेपासून बोटी निघणार. तोवर तो सुधारला तर तांडेल, नाही तर घरी बसायचं. सत्यवानला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही व्हायचंही नव्हतं.

त्याने आधी एकदा आपल्या मनाने दारू एकदम सोडून पाहिली होती. तेव्हा हात लटपटले आणि फिट आली. म्हणून या वेळी डॉक्टरांनी पहिले आठ दिवस त्याला इस्पितळात ठेवलं आणि अंग सावरल्यावरच वर्गाला पाठवलं. बरीच वर्षं पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम सोडणं जिवावर बेतू शकतं, हे अनुजा मॅडम प्रत्येकाला सांगतात.

बसल्यावर त्याचा हात आपसूक त्या कोरलेल्या बोटीवर गेला. तो दचकला.

"ह्यो बाक माझ्या वळखीचो आसा," तो म्हणाला.

"मगे बस," दाजी म्हणाले. "तेना तुजी जागा राखून ठेवली आसा."

दाजी म्हणजे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. दोन वर्षांपूर्वी याच वर्गात सुधारले, आता नवीन माणसांना सोबत म्हणून येतात. सगळे हसले. सत्यवानही हसला, पण त्याने माझ्यावरची आपली जागा बदलली नाही.

पहिले दोन आठवडे तो काही बोलला नाही. तिसऱ्या आठवड्यात मॅडमनी सांगितलं की ओढ पंधरा-वीस मिनिटं टिकते, वाढते आणि मग ओसरते. तेव्हा तो एकदम म्हणाला, "म्हणजे लाट. लाटेक आडवी बोट घालूची नसता. तोंडार घेऊची आणि धरून रवायचा." मॅडमनी तेच फळ्यावर लिहिलं. त्या दिवसापासून तो बोलायला लागला आणि मग त्याला गप्प करणं जड जाऊ लागलं.

शनिवारी मथुरा आणि निलेश यायचे. मथुरा दाराजवळच्या खुर्चीवर बसायची, माझ्याकडे बघायचीही नाही. तिला कुणीतरी सांगितलं असणार मी कुठून आलो ते. एका शनिवारी मॅडमनी विचारलं, "घरात दारूची एकही बाटली उरलेली नाही ना?"

मथुराने बोटांवर मोजून सांगितलं. भाताच्या कणगीतली, इंजिनामागची, जाळ्यांच्या ढिगातली. सगळ्या तिने माडाच्या मुळात ओतल्या होत्या. "आता एक नाय," ती म्हणाली. निलेशनेही मान हलवली.

मित्रांनो, ते दोघं खोटं बोलत नव्हते. तरीही पडवीच्या कोनाड्यात एक बाटली होती. ती राखणेची. हंगामात बोट पाण्यात ढकलण्याआधी खाडीकाठच्या माडाखाली राखणदाराला, म्हणजे त्या जागेची राखण करणाऱ्या देवाला, नारळ, कोंबडा आणि दारू द्यायची, ही त्यांच्या घराण्याची रीत. थोरले काका, ज्यांना सगळे भाई म्हणतात, गाऱ्हाणं घालतात, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला मागणं मागतात, तांडेल दारू ओततो आणि शेवटी तळहातावर थोडी तीर्थ म्हणून घेतो. ती बाटली मे महिन्यापासून हळदकुंकू लावून कोनाड्यात ठेवलेली असते. घरातल्या कुणाच्याच लेखी ती दारू नव्हती.

पौर्णिमा मंगळवारी झाली. बुधवारी सत्यवान आला नाही. सव्वादहाला मॅडमनी फोन केला. मथुराने उचलला. मॅडम नुसत्या "बरं, बरं" म्हणत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. तीन तास माझं डावं टोक रिकामं राहिलं. बारमध्ये माणूस आला नाही की मला विश्रांती वाटायची. त्या दिवशी मात्र जीव थाऱ्यावर नव्हता.

शुक्रवारी तो आला, पण बसेना. यंत्रात फुंकला, शून्य आलं. दाराशीच उभा राहून म्हणाला, "माज्या नावार काट मारा."

"आधी बसा," मॅडम म्हणाल्या.

"पुनवेक राखणेची घेतलंय. हातार पडली तितकीच. मगे दुपारी बाटलीत उरलेली होती ती..."

"आणि बोट?" दाजींनी विचारलं.

"बोट निलेशान नेली. मीच सांगलंय तेका, सुकाणू तू घे, मी आज बोटीर चढाचंय नाय."

दाजींनी माझ्या डाव्या टोकावर थाप मारली. "मे म्हयन्यात सांगलं असतंस?"

"नाय," सत्यवान म्हणाला, आणि तो माझ्यावर बसला.

मॅडमनी फळ्यावर दोन गोष्टी लिहिल्या. तो प्यायला, ही एक. त्याने सुकाणू सोडून दिलं, ही दुसरी. नावावर काट कुणी मारली नाही. उलट वर्ग तीन आठवडे वाढवला आणि डॉक्टरांना त्याच दिवशी बोलावून घेतलं. पाय घसरलेल्या माणसाला वर्गातून काढायचं, म्हणजे ताप चढला म्हणून रोग्याला दवाखान्याबाहेर उभं करण्यासारखं आहे, असं मॅडम म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मथुरा रडली. "ती दारू न्हवती ओ मॅडम. ती राखणेची."

"माझ्या माहेरीही देवचाराला, म्हणजे तिथल्या राखणदाराला, बाटली लागते," मॅडम म्हणाल्या. "मला विचारायचं सुचायला हवं होतं. चूक माझीही आहे."

आता खरा पेच भाईंचा होता. सत्यवान सुकाणू पुन्हा हातात घेणार तेव्हा राखण पुन्हा द्यावी लागणार, आणि दारूशिवाय गाऱ्हाणं घालायला भाई तयार नव्हते. पुढच्या शनिवारी निलेशने त्यांना आणलं. वय शहात्तर, डोक्यावर पांढरी टोपी, आवाज खणखणीत. ते बसायलाही तयार नव्हते.

"माज्या आज्यान दिली, बापाशीन दिली," ते म्हणाले. "राखण मोडली आणि बोटीक काय झाला तर कोण जबाबदार?"

मॅडम काही बोलणार होत्या, तेवढ्यात मथुरा उठली. सासरच्या वडीलधाऱ्यासमोर ती इतकी वर्षं खाली मान घालून वावरली होती.

"भाई, राखण व्हयीच," ती म्हणाली. "माका पण व्हयी. पण अकरा वर्सां मी बारच्या म्होर उभी रवान ह्येंची राखण केलंय. एकटीन. आता माज्यान होणा नाय. तुमी देवाक सांगा, तुजी बाटली बंद झाली म्हणान. तो आयकता तुमचा."

भाई खाली बसले, नेमके माझ्यावर. मी डुगडुगलो, त्यांनी माझी कडा घट्ट धरली. त्यांची नजर सत्यवानकडे गेली. सत्यवान त्या कोरलेल्या बोटीवरून अंगठा फिरवत होता. त्याचे हात कापत नव्हते.

मग भाई उठले, टोपी सरळ केली आणि हात जोडले.

"बा राखणदारा म्हाराजा, आजवर तुका बाटली दिली. ह्या वर्सापासना शहाळ्याचा पाणी देतंव, ता गोड मानून घे."

"व्हय म्हाराजा," निलेश सवयीने म्हणाला.

"तुजा लेकरू चुकला आसात, तर तेका पदरात घे. ओढ ईली तर तेच्या पाठीर उभो रव."

"व्हय म्हाराजा," आता दाजीही म्हणाले, आणि गोलातले बाकीचे.

"तेचा सुकाणू तेच्या हातात रवांदे."

"व्हय म्हाराजा." या वेळी मॅडमचाही आवाज त्यात होता. मथुराचा सगळ्यांत मोठा होता.

वाढवलेले तीन आठवडे सत्यवान एकही दिवस चुकला नाही. मग माडाखाली शहाळं फुटलं. बोट पाण्यात गेली तेव्हा सुकाणूवर तो होता, आणि सिद्धेशही बोटीवर चढला. तो कायमचा बरा झाला असं मी म्हणणार नाही, इथे तसं कुणीच म्हणत नाही. तो अजून दर शनिवारी येतो. मागे एकदा येताना फणसाच्या लाकडाचा तुकडा घेऊन आला आणि माझ्या आखूड पायाखाली बसवायला लागला. "थोडो डुगडुगूंदे," दाजी म्हणाले, "माणूस सावध बसता." त्याने ऐकलं नाही, पण तुकडाच थोडा कमी पडला. मी अजून डुगडुगतो. आता मथुरा त्याच्या शेजारी माझ्यावर बसते आणि छत्री माझ्या कडेला टेकवून ठेवते.

मित्रांनो, मी माणसांना दारूपाशीही बसवलं आणि दारूपासून दूरही बसवलं. मला सांगण्यासारखं एवढंच आहे. तुमच्या घरात, शेजारात कुणी असं अडकलं असेल तर त्याला भिजत टाकू नका. लाकूड बहुतेक वेळा चांगलंच असतं. त्याच्यासाठी रस्त्यावर कुणी एकटंच उभं असेल, तर त्यालाही बसायला जागा द्या. आणि यायचं कबूल करून तो आला नाही, तर रागावून घरी बसू नका. सव्वादहा वाजले की फोन करा.